आशाताईची पिशवी आणि डोकेदुखीची गोळी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे, निर्णा गावच्या आशाताईची, म्हणजे घरोघर औषधं देणाऱ्या आशा कार्यकर्ती अंबिकाअक्काची. माझा निळा रंग विटला, एक कड उंदरानं कुरतडली, तरी अक्का मला टाकत नाही. नवी होते तेव्हा बायका मला कौतुकानं हात लावून बघायच्या. आता मी ज्या दारात थांबते, त्या घरात काय झालं याची गल्लीभर कुजबुज होते. म्हणून हवं काहीही असलं तरी सगळ्याजणी एकच मागतात, डोकेदुखीची गोळी.

सिद्धव्वाच्या सुनेनंही तीच मागितली होती. पुढं तिला दिवस गेले. कुणाच्या तरी सांगण्यावरून ती कसलासा काढा प्याली आणि रक्त थांबलंच नाही. अक्का मला खांद्याला अडकवूनच तिच्या मातीला गेली. तेव्हापासून कुणी डोकं दुखतंय म्हटलं की मला धडकी भरते.

यंदा वेळा अमावस्येला, शेतातल्या पूजेच्या सणाला, सारं गाव भज्जी-आंबिलाचं जेवण घेऊन शेतात गेलं. मी कुलूपबंद घरात खुंटीवर होते. भरदुपारी गावात चिटपाखरू नव्हतं. एवढ्यात मागचं दार वाजलं.

"अक्का, हाव का घरात?"

आवाज रेणुकाचा होता. कडेवरचं तान्हं बाळ रडत होतं. त्याच्या वेळी तिचं ऑपरेशन करावं लागलं होतं आणि इतक्यात पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आदल्या रात्री निरोध फाटला, हे मला मागाहून कळलं. तिला हवी ती, दिवस राहू न देणारी गोळी माझ्याच पोटात होती. ती बराच वेळ हाका मारत राहिली आणि मग निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अक्का नेहमीसारखी बाळाला बघायला मला घेऊन तिच्या घरी गेली. सासू गीताबाई शेजारीच बसल्या होत्या.

"काय व्हायलंय गं, रेणुका?"

"डोकं दुखायलंय, अक्का."

अक्काचा हात त्या गोळीवरून सरकला आणि डोकेदुखीची पट्टी घेऊन बाहेर आला. माझा जीव तुटला. रेणुकानं गोळी पदराच्या टोकाला बांधली. आम्ही निघालो. कोपऱ्यावर अक्का थबकली आणि झपाट्यानं मागं फिरली.

"डोकं दुखायलंय तर गोळी बांधून कामून ठेवलीस? खरं सांग, माय."

रेणुका रडत रडत सगळं बोलली. अक्कानं माझ्यातून ती गोळी काढताच गीताबाई उसळल्या, "पाडायची गोळी माझ्या घरात नको!"

"पाडायची न्हाई, मावशी. राहिलेलं पोट हिनं पडत न्हाई. राहूच नये म्हणून हाय ही. त्या रातीपासून तीन दिसांच्या आत घ्यायची, जेवढी लवकर तेवढी बरी. सिद्धव्वाची सून इसरलाव का?"

गीताबाई उठल्या. त्यांनीच तांब्याभर पाणी आणलं.

"पाळी आठवडाभर लांबली तर तपासू," अक्का म्हणाली. "आन् ही रोजची गोळी न्हाई. पुढचा उपाय येगळा करू."

पाळी आली तेव्हा रेणुका स्वतः सांगायला आली. त्या दिवशी अक्का खूप दिवसांनी हसली.

मित्रांनो, माझी भीती मात्र गेलेली नाही. ती गोळी आशाताईकडे असते, सरकारी दवाखान्यात असते, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. तरी माझ्यातल्या डोकेदुखीच्या गोळ्याच आधी संपतात. मोठे व्हाल तेव्हा लाजेपायी वेळ घालवू नका, आणि मागणारीला हसू तर मुळीच नका.

काल अंगणवाडीपाशी एका नव्या सुनेनं अक्काला थांबवलं. इकडं तिकडं बघत म्हणाली, "डोकं दुखायलंय." अक्का तिच्याजवळ ओट्यावर टेकली. मला मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. "आधी खरं सांग, माय," म्हणाली.