लेखकाने पाहावे

चिमीच्या धंद्यात एक पथ्य होतं: संपादकाने दिसायचं नाही. जेवणाच्या टेबलावर बसून ती लोकांची पुस्तकं सुधारायची, कधी दुसऱ्याच्या नावाने लिहूनही द्यायची, आणि शंका आली की समासात नोंद करायची, ‘लेखकाने पाहावे’. खाली नाव नाही, सही नाही. लेखकाला ती कोण हे ठाऊक नसे आणि तिलाही तेच बरं वाटे. निदान कुणी लग्नकार्यात गाठून भांडत तरी नसे.

प्रकाशकांनी ‘घरच्या घरी सायकल दुरुस्ती’ची फाइल पाठवली, तेव्हा लेखकाचं नाव वाचून मात्र तिचा चहा तसाच गार झाला. दादा. सख्खा, थोरला. लग्नानंतर चिमीचं आडनाव बदललेलं, त्यामुळे प्रकाशकांना याचा गंधही नव्हता, आणि तिने तो लागू दिला नाही.

तीन वर्षं दोघांत अबोला होता. वडील दवाखान्यात असताना एक पुस्तक हातावेगळं करायच्या नादात चिमीने एक दिवस उशीर केला, आणि तो एक दिवसच नडला; ती पोचली तेव्हा वडील गेले होते. दादा दारात म्हणाला, “झाले का तुझे स्वल्पविराम देऊन?” चिमी मूळची फटकळ. तिने ऐकवलं, “तुला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत, तुला काय कळणार?” आणि हे कुणाला, तर तिला शिकता यावं म्हणून शाळा सोडून सायकलच्या दुकानात बसलेल्या माणसाला.

त्याच माणसाने एकशे चाळीस पानं लिहिली होती. शुद्धलेखनाचे तीनतेरा, पण चेन कशी बसवायची ते असं सांगितलेलं, की वाचता वाचता बोटांना तेल लागावं. इतकं जपून काम चिमीने जन्मात केलं नव्हतं. वाक्य सरळ करायची, पण बोलणं दादाचंच राहू द्यायची. मधूनच हसायची, मधूनच डोळे पुसायची.

“पुस्तक पंक्चरचं ना? मग रडतेस कशाला?” नवऱ्याने विचारलं. तिने त्याला भाजी चिरायला बसवलं.

ब्रेकच्या प्रकरणात दादाने लिहिलं होतं: ‘धाकट्या बहिणीला मी एका दिवसात सायकल शिकवली. ती एकदाही पडली नाही.’

साफ खोटं. सवयीने हात चालला आणि समासात नोंद उमटली: ‘लेखकाने पाहावे. बहीण पडली होती. डाव्या गुडघ्याला चार टाके.’ फाइल गेली. तासाभराने कपडे वाळत घालताना चिमीच्या हातातला चिमटा हातातच राहिला. बहिणीच्या गुडघ्याचे टाके संपादकाला कुठून कळणार?

आता दादा चिडून पुस्तकच काढून घेईल, या धास्तीने तिला अन्न गोड लागेना. म्हणेल, आली इथेही माझ्या चुका काढायला. दोन ओळींवरून ज्याला तोडलं, त्याच्या पहिल्यावहिल्या पुस्तकावर पुन्हा तिचाच लाल रंग. त्यापेक्षा ते खोटं तसंच राहू द्यायचं होतं. त्यात बिचाऱ्याने तिचीच बाजू राखली होती. तिला तिचा दादा परत हवा होता, आणि हातची एकुलती एक वाट तिने स्वतःच बुजवली होती. चार दिवस फोन वाजला की ती तो नवऱ्याला उचलायला लावायची.

पाचव्या दिवशी फाइल परत आली. सोबत प्रकाशकांची ओळ, लेखक भला माणूस दिसतो, फारशी कुरकुर नाही. खरंच, शंभरावर शंकांपुढे दादाने शहाण्या मुलासारखं एकेक ‘मान्य’ लिहिलं होतं. गाडी अडली होती ती फक्त ब्रेकच्या प्रकरणात.

‘मान्य नाही. टाके तीनच होते. चिमे, रविवारी मोजायला येतो.’

चिमीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. मग तिने खुर्चीत बसल्या बसल्या पायजमा गुडघ्याच्या वर सारला आणि व्रण मोजले. चार. चांगले ठसठशीत चार. चुकीला चूक म्हटल्याशिवाय तिला चैन पडत नसे. बोटं कळफलकावर गेलीसुद्धा. तिने ती मागे घेतली. आत्ताच कळवलं, तर दादा येणार कशाला?