पुरवणी आढीत गेली तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. माणिकपूरच्या एका दुकानात माझ्या काचा घासल्या गेल्या आणि प्लासिडबाबांच्या नाकावर मी जो बसलो तो बसलोच. बाबांची केळीची वाडी आहे. पण सकाळ झाली की वाडी राहते बाजूला आणि ओटीवर वर्तमानपत्र उघडते. कोण कोणत्या गटात गेला, कोण रुसला, कोणाची समजूत काढली गेली, सारे आम्ही दोघे मिळून वाचतो. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. एवढ्यासाठी माणसे अर्धी सकाळ का देतात, याचे मला फार कुतूहल वाटे. बाबांना एकदाही कंटाळा आला नाही. माझ्या नाकपट्ट्या मात्र झिजल्या.

वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीकडे मी कधी वळतच नसे. ती न उघडताच केळ्यांकडे जायची. हिरव्या फण्या तिच्यात गुंडाळून बाबा आढीत पिकत घालायचे.

एका रविवारी बाबांची पत्नी, कार्मिनबाई, दाराशी येऊन उभ्या राहिल्या. केळी सोलून, वाळवून सुकेळी कशी करतात यावर त्यांनी लेख पाठवला होता, आणि तो छापून आल्याचे शेजारच्या सँड्राने नुकतेच सांगितले होते. त्यांचा स्वतःचा चष्मा मोडलेला. त्यांनी मला मागितले. कशाला, ते मात्र लाजून सांगितले नाही.

"थांब गो, सरकार पडायला आलंय," बाबा म्हणाले.

सरकार काही पडले नाही. बाबांनी मला कपाळावर सरकवले आणि पुरवणी उचलून ते आढीकडे गेले. मला वरून सगळे दिसत होते. कागदावर बाईंचे नाव होते, त्यावर केळीचा चीक सांडला आणि मग फणी बसली. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

तेवढ्यात बाई मागोमाग आढीपाशी आल्या. "पुरवणी कुठंय? माझा लेख आलाय तिच्यात."

बाबांचे हात जागीच थांबले. एकेक फणी सोडवून त्यांनी ते चिकट पान शोधले, सदऱ्याला पुसले आणि मला काढून बाईंच्या डोळ्यांवर चढवले.

"मला आता काही दिसत नाही," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच."

बाई वाचू लागल्या. इतकी वर्षे ज्या चेहऱ्यावर मी राहिलो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा समोरून पाहिला. ऐकत असताना तो किती गोड दिसतो, हे मला कुठे ठाऊक होते?

तेव्हा मित्रांनो, आम्हाला मऊ फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका. आणि घरात कोणी चष्मा मागितला, तर बातमी अर्धी राहिली तरी चालेल, आधी तो काढून द्या.