व्यंकटरावांच्या गोळ्या

तानुबाईचा सरकारवर विश्वास नव्हता आणि सरकारी डॉक्टरवर तर मुळीच नव्हता. निजाम गेला, दुसरं राज्य आलं, तरी आपल्या वाट्याला सुईच, हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं.

परभणीहून आरोग्य अधिकारी दिनकरराव पालमजवळच्या तिच्या गावात आले होते. महारोगावर नव्या गोळ्या निघाल्या होत्या. तेल टोचायच्या जुन्या सुईपेक्षा त्या खरंच गुणकारी आहेत का, हे पाहून त्यांना हैदराबादला कळवायचं होतं. गावात रोगी दोघेच. चावडीत चिठ्ठ्या टाकल्या. जमीनदार व्यंकटरावांना गोळ्या निघाल्या. त्यांचा सालगडी, म्हणजे तानुबाईचा नवरा आश्रुबा, याला सुई.

"चिठ्ठीला बी मालक कळतो म्हणायचा," ती म्हणाली.

पण व्यंकटराव तिच्याहून संशयी. कूळकायदा करणाऱ्या सरकारनं जमिनीपायी विषच धाडलं असलं तर? नवं काही आलं की आधी गड्याच्या तोंडी, ही त्यांच्या घरची रीत. त्यांनी पुडी आश्रुबाच्या हातावर ठेवली. "तू खाऊन बघ. तुला पचलं, मंग मी."

तानुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुत्र्याला टाकल्यावानी टाकायलेत, आन तुमी खायलाव?"

"मालकाला न्हाई कसं म्हणू?" असं म्हणून आश्रुबानं गोळी गिळली.

पावसाळा सरता सरता त्याच्या पाठीवरचे चट्टे निवळायला लागले. सुई तर त्यानं आधीही घेतली होती, तेव्हा फरक पडला नव्हता. गुण कशाचा, हे तानुबाईला कुणी सांगायला नको होतं. आता तिला वेगळीच धास्ती लागली. ती त्याला उघड्या अंगानं हिंडू देईना. व्यंकटराव विचारत, "काय रं, पचायलंय का?" आश्रुबा बायकोनं पढवल्याप्रमाणं म्हणे, "लय मळमळतंय, मालक." मग पुढची पुडीही त्यालाच मिळे.

दिवाळीनंतर दिनकरराव तपासायला आले. दोघांना डोळे मिटायला लावून त्यांनी चट्ट्यांवर कोंबडीचं पीस फिरवलं. आश्रुबाला स्पर्श कळला, व्यंकटरावांना नाही. साहेबांचा चेहरा उतरला.

"बाकीच्या गावांत निकाल अधांतरीच आहे. इथं तर गोळ्यांनी काहीच झालं नाही. मी त्या परत पाठवतो, सुईच चालू ठेवू."

तानुबाईनं मनात दोन्ही तोललं. बोललं तर मालक साल मोडणार. न बोललं तर नवऱ्याची बोटं झडणार.

"साहेब," ती पदर सावरत म्हणाली, "मालकाच्या गोळ्या ह्यांनी खाल्ल्यात. समद्या."

व्यंकटरावांनी मान खाली घातली. दिनकररावांना मात्र आनंद लपवता येईना. "बाई, बरं झालं सांगितलंत. म्हणजे गोळ्या लागू पडतात. आता नव्यानं सुरुवात करू, माझ्या डोळ्यांदेखत."

व्यंकटरावांनी स्वतःहून हात पुढं केला आणि गोळी गिळली. पाणीही मागितलं नाही.

"आन ह्यांला?" तानुबाईनं विचारलं.

"त्यांना सुई निघाली आहे, बाई. तीही चालू ठेवायला हवी, नाहीतर ताडून कशाशी पाहणार?" दिनकरराव सुईत तेल भरत म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

आश्रुबानं बंडीची बाही वर केली.