चंद्राबाईचं कबरं छप्पर

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड, एका कोपऱ्याला करपलेली. घोंगडीनं स्वस्थ पडून राहावं, पांघरणाऱ्याला झोप आणावी, एवढीच लोकांची अपेक्षा. पण मलाच स्वस्थता नाही. चैत्राचा वारा उठला, की माझा एकेक धागा ताठ होतो. कुठं धूर दिसतो का, कुणी हाक मारतंय का, असं वाटत राहतं. असं का होतं, ते तुम्हांला सांगायला हवं.

माझा जन्म वेल्ह्याच्या डोंगरमाथ्यावर, धनगरांच्या झापात, म्हणजे गवती खोपटात, झाला. कोंडाबाईनं मेंढ्यांची लोकर पिंजून सूत कातलं आणि तिचा नवरा हैबती यानं मागावर बसून मला विणलं. मग चिंचोक्यांची खळ पाजून मला उन्हात ताणून वाळवलं. तेव्हा मी इतकी कडक होते, की उभी केली तर उभी राहायची! विंझरच्या वरच्या अंगाला एक लहानशी वाडी आहे. तिथल्या गेनबानं भात देऊन मला घरी आणलं.

गेनबाच्या घरी मला विसावा असा नव्हताच. पावसात त्याच्या डोक्यावर खोळ, थंडीत पांघरूण, सुगीत खळ्यावर अंथरूण. ती दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. कापड कंट्रोलवर मिळायचं, तेही धड नाही. त्यामुळं गेनबाची बायको साळूबाई मला फार जपायची. उन्हं तापली, की मला झटकून ओट्याच्या दांडीवर टाकायची. "हिच्यावानी ऊब दुसऱ्या कशात न्हाई," असं ती आल्यागेल्याला सांगे. माझं कौतुक मला ऐकू येई आणि मी दांडीवर अंमळ फुगून बसे.

वाडीतली घरं कुडाची, गवतानं शाकारलेली, छपराला छप्पर टेकवून एका ओळीत उभी. पश्चिमेच्या टोकाला अंबूबाईचं घर. तिची लेक सखू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नुकती मोकळी झाली होती. त्याला लागून चंद्राबाईचं घर. तिचा नवरा सोनबा मुंबईला गिरणीत. तिनं एकटीनं हिवाळाभर डोंगरातून गवताचे भारे डोक्यावरून आणले होते आणि सगळ्या वाडीच्या आधी आपलं छप्पर नवं केलं होतं. येताजाता ती मान वर करून त्याच्याकडं बघायची. त्याच्यापुढं आमचं घर आणि मग बाकीची.

ते राब भाजायचे दिवस होते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर आमच्याकडं पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, तो राब. सकाळी राब भाजून गडीमाणसं पाल्याचे टहाळ तोडायला रानात पांगली होती. राख निवली असं सगळ्यांना वाटलं. दुपारी वारा उठला. कुणाच्या राबातली ठिणगी उडाली ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

दांडीवरून मला दिसलं ते आधी. अंबूबाईच्या छपरावर बोटभर धूर. मग हातभर. मला ओरडता येत नव्हतं, मित्रांनो! वारा मला फडफडवत होता, तेवढंच. साळूबाई आत दळत बसली होती. जात्याच्या घरघरीत तिला काय ऐकू येणार? एवढ्यात गवत कडकडलं आणि चंद्राबाईची किंकाळी आली, "आग लागली! धावा! अंबूआक्काचं घर पेटलं!"

अंबूबाई धुणं घेऊन ओढ्यावर गेली होती. ती तिथूनच ऊर बडवत धावत सुटली. "साळे, माजी सखू आत हाय गं! बाळ हाय!"

साळूबाईनं मला दांडीवरून ओढलं, गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत बुडवलं आणि तशीच निथळती डोक्यावरून घेऊन ती धुरात शिरली. मी भिजून धोंड्यासारखी जड झाले होते. आत काही दिसत नव्हतं. साळूबाई खोकत होती, चाचपडत होती. "सखू! कुठं हायेस गं?" भाताच्या कणगीमागून बारीक आवाज आला, "हितं." सखू बाळाला पोटाशी धरून भिंतीला चिकटली होती. भीतीनं तिचे पाय उचलत नव्हते. साळूबाईनं दोघांना माझ्यात गुंडाळलं आणि पुढं घालून ढकललं. दाराशी येतो न येतो तोच वरून पेटत्या गवताचा लोळ माझ्यावर कोसळला. माझा कोपरा चरचरला. पण मी ओली होते, आणि खाली बाळाचा श्वास मला लागत होता. मी पेट घेतला नाही.

बाहेर आल्यावर बाळ टाहो फोडून रडलं, तेव्हा अंबूबाईनं त्याला ओढून छातीशी धरलं.

पण आग थांबली नव्हती. बायका हंडे-घागरी घेऊन ओढ्यापासून रांगेनं उभ्या होत्या. ओढा चैत्रातला, पाणी वाटीवाटीनं भरायचं. वरच्या उतारावर शेळ्या चारणाऱ्या, मला विणणाऱ्या हैबतीनं धूर पाहिला आणि शेळ्या तशाच सोडून तो भावाबरोबर खाली धावत आला. दोघांच्या हातांत पाला ओढायच्या लांब आकड्या होत्या. त्यांनी अंबूबाईचं छप्पर ओढायला घेतलं. पण ज्वाळा जवळ जाऊ देईनात. वारा आमच्याच घरांकडं वाहत होता.

हैबती मागं सरला. त्यानं चंद्राबाईच्या नव्या छपराकडं पाहिलं, मग खाली मान घातली. साळूबाईनंही पाहिलं. सगळ्यांना एकच गोष्ट कळत होती. ते छप्पर काढलं तर आगीला पुढं वाट नव्हती. पण न पेटलेलं घर मोडा, असं त्या एकट्या बाईला कुणी सांगायचं?

चंद्राबाईनं हातातली घागर खाली ठेवली. "बगत काय ऱ्हायलात?" ती ओरडली. "वढा की माजं छप्पर!"

"वैनी, नवं हाय त्ये," हैबती म्हणाला.

"मला ठावं हाय नवं हाय त्ये! म्याच आनलंय डोस्क्यावर. वढा म्हन्ते ना!" आणि तिनं कोयत्यानं पहिला बंध स्वतःच तोडला.

आकड्या लागल्या. भारेच्या भारे खाली आले आणि बायकांनी ते लांब फरफटत नेले. मला पुन्हा डोणीत बुडवून साळूबाई मधल्या कुडावर आपटत होती, उडालेली प्रत्येक ठिणगी विझवत होती. रानातून गडीमाणसं धापा टाकत पोचली, तेव्हा अंबूबाईच्या घराची राख झाली होती, चंद्राबाईच्या घराला डोक्यावर आभाळ होतं, आणि बाकीची वाडी जागेवर उभी होती.

हैबती कुणाला न सांगता डोंगराकडं निघाला होता. साळूबाईनं हाक मारली, "दादा, शेरडं कुठं हायेत तुमची?" तो म्हणाला, "गावतील." मग अर्धी वाडी त्याच्या मागं रानात गेली. अंधार पडायच्या आत शेळ्या सापडल्या. एक करडू मात्र सापडलं नाही. हैबतीनं त्याचं नाव काढलं नाही. त्याच्या बायकोकडून, कोंडाबाईकडून, साळूबाईला ते नंतर कळलं.

ओढून काढलेलं गवत ठिणग्या पडून आणि तुडवलं जाऊन वाया गेलं होतं. आता पावसाळा तोंडावर, आणि जादा गवत कुणाकडंच नव्हतं. मग गेनबा शिडी लावून आमच्याच छपरावर चढला. एक थर उपसून त्यानं भारा बांधला आणि चंद्राबाईच्या दारात टाकला. दुसऱ्या घरानं टाकला. तिसऱ्यानं टाकला. हैबतीनं झापावरचं गवत आणलं. कुणाचं काळपट, कुणाचं पिवळं, कुणाचं धुरानं तांबूस. त्यातून शाकारलेल्या त्या छपराखाली चंद्राबाई, अंबूबाई, सखू आणि बाळ एकत्र राहिली. त्या पावसाळ्यात वाडीतलं प्रत्येक घर थोडं थोडं गळलं.

गौरी-गणपतीला सोनबा मुंबईहून आला. दारात थांबून वर बघत म्हणाला, "आगं, ह्ये छप्पर असं कबरं कसं?"

चंद्राबाई चुलीपासून न उठता म्हणाली, "समद्या वाडीचं हाय त्ये."

पुढं बरीच वर्षं माझा मान होता. नवा माणूस आला, की साळूबाई माझा करपलेला कोपरा दाखवी. मग घरांवर कौलं आली, पेटीत रजया आल्या, आणि मी आधी पोत्यांखाली गेले, नंतर माळ्यावर. तिथं कसर मला कुरतडते. ज्यांनी मला जपलं ती माणसं आता नाहीत. खाली माणसं बोलतात, भांडतात, हसतात; मी कान लावून असते.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकून देण्याआधी एकदा उन्हात झटकून बघा, ती अजून कामाची असते. आणि दुसरं एक मागणं आहे. आज शेजारच्या घराची कडी वाजवा. काम नसलं तरी वाजवा. आत कोण आहे, कोण म्हातारं आहे, कुणाचं बाळ निजलंय, एवढं बघून ठेवा.