जिवंत तारेवरचं बोट

विजेचं काम करायला परवाना लागेल असा कायदा आला ते १९६१ साल. तोवर आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, अर्ध्या गावात दिवे लावले होते. आता परीक्षेत नापास झाले, तर कामच बंद. आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. अण्णा मात्र लग्नाला निघाल्यासारखे गुळगुळीत दाढी करून निघाले.

परीक्षा वीजघरात होती. ताई आणि मी खिडकीला नाक लावून उभ्या. ताई तेव्हा सोळाची. अण्णांची शिडी धरता धरता कामही शिकत होती. भिंतीवरच्या फळीवर तारांची उघडी टोकं होती. कुठल्या तारेत वीज आहे ते ओळखा, असं सांगून परीक्षकांनी तपासायचा दिवा पुढे सरकवला. अण्णांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रोजच्यासारखे कोरड्या पाटावर उभे राहिले आणि बोटाची पाठ एकेका टोकाला टेकवत गेले.

"ही जिवंत. ही मेलेली. हिच्यात नुसती धुगधुगी आहे."

परीक्षकांनी दिवा लावून पडताळलं. पहिल्या तारेवर तो लखलखला, दुसरीवर पेटलाच नाही, तिसरीवर त्यात केसाएवढी लाल रेघ उमटली. परीक्षकांनी चष्मा काढला. उभ्या जन्मात असं पाहिलं नाही, म्हणाले, आणि चक्क हात जोडले.

मग त्यांनी अण्णांना नापास केलं.

अण्णांना थट्टाच वाटली. "साहेब, एक तरी चुकलं का?"

"एकही नाही. तुमच्या हाताखाली कोण शिकतंय?"

"थोरली लेक."

"मग तिला लावू दे बोट."

ताई माझा हात सोडून दाराकडे निघालीसुद्धा.

"तिथंच थांब," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधीच ऐकला नव्हता.

गावानं परीक्षकांना यथेच्छ शिव्या घातल्या. अण्णांनी एकही नाही. पुढच्या खेपेला ते दिवा हातात धरून पास झाले आणि म्हातारे होऊन, झोपेत गेले. ताईलाही परवाना मिळाला. साठीपर्यंत ती शिडीवर चढत होती. परीक्षकांची लगेच बदली झाली, पुढचं कळलं नाही. अण्णांचे जोडीदार बुटकेकाका मात्र लेखी पेपरात अडकले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. हात अण्णांइतकाच सच्चा, शिवाय दिव्याशिवाय ते तारेला कधी शिवलेही नव्हते. शेवटपर्यंत त्यांनी दुकानात बसून बल्ब विकले.