प्रभूच्या मेजावरचा तपकिरी डाग

मित्रांनो, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ज्या काळ्या धोंडीला तुम्ही पायाने सरकवता, ती धोंड नाही. मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे.

एका ओतकाम करणाऱ्याने मला ओतलं, सुताराने लाकडी मूठ बसवली आणि मी मावशीच्या लाँड्रीत आले. सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. कपड्याला लावण्याआधी ती बोट ओलं करून माझ्या बुडावर थेंब उडवायची. जोरात चुर्र वाजलं की मी जरा निवेपर्यंत थांबायची. चाळीस वर्षांत तिने एकही कपडा जाळला नाही. माणसं मात्र बरीच पोळली! जीभ माझ्याहून तापट. रविवारी चर्चमध्ये सर्वांत मोठ्याने गायची, आणि सोमवारी पहिल्या शर्टाबरोबर पुन्हा पाढे पंचावन्न. तरी माझा तिच्यावर फार जीव होता.

मग घरात सून आली. मावशी म्हणायची, "अगं, कॉलर अशी करतात होय? हाताला वळण म्हणून नाही!" सून म्हणायची, "मग लावा ना वळण, आई."

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावर अंथरायचं पांढरं कापड इस्त्री करण्याचा मान मावशीचा होता. पुढच्या महिन्यापासून तो सुनेला मिळायचा होता, आणि ती दिवस मोजत होती. एका बुधवारी ते कापड माझ्याखाली होतं आणि मावशी खिडकीतून शेजारणीला सांगत होती, "आमच्या सुनेला धीर म्हणून नाही बघा." बोलण्याच्या नादात मी कापडावर तशीच राहिले. वास आला तेव्हा उशीर झाला होता. माझ्याच आकाराचा तपकिरी डाग!

तेवढ्यात चर्चच्या पाळकबाई कापड न्यायला दारात हजर. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्या हातून झालं, पाळकबाई," सून म्हणाली.

मावशीने ते खोटं तसंच चालू दिलं. मला झाकण आपटून ओरडावंसं वाटलं, पण इस्त्रीचं कोण ऐकतं? दोन दिवसांत चर्चच्या मंडळीत सगळीकडे झालं, "तिच्या हाती ते कापड द्यायचं नाही." सुनेने मान खाली घालून तेही ऐकून घेतलं.

शनिवारी कोळसे पेटवता पेटवता मावशीने विचारलं, "का गं बोललीस तसं?"

"चाळीस वर्षांचं तुमचं नाव एका डागाने जायला नको वाटलं, आई. माझं काय, मला अजून नावच कुठे आहे!"

मावशी ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी तिने मला पिशवीत घालून चर्चमध्ये नेलं. आयुष्यात प्रथमच! उपासना संपताच तिने मला उचलून सर्वांसमोर मेजावरच्या त्या डागावर ठेवलं. मी तंतोतंत बसले.

"हा डाग माझा आहे," ती म्हणाली. "इस्त्री मी विसरले आणि बोल हिने आपल्यावर घेतला. प्रभूची गाणी चाळीस वर्षं मी गायले, पण प्रभूसारखी वागली ही."

पाळकबाईंनी कापडाची घडी घातली आणि सुनेच्या हातात दिली.

मावशीचा स्वभाव काही एका रात्रीत पालटला नाही. पण राग आला की ती वाटीतल्या पाण्यात बोट बुडवायची आणि जरा थांबायची. सून हळूच विचारायची, "आई, चुर्र वाजतंय का अजून?" मग दोघी हसत सुटायच्या. ते हसणं ऐकायला मी रोज तापायला तयार होते.

पुढे विजेची इस्त्री आली आणि मी दाराशी आले. मावशी आता नाही. सून जाता-येता माझी मूठ पुसते. चर्चच्या मेजावर कापड तेच आहे, डागासकट.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. पण तुमच्या चुकीचा डाग घरातलं कुणी मुकाट्याने आपल्या अंगावर घेतला असेल, तर त्याला रविवारपर्यंत ताटकळत ठेवू नका.