न रडलेला पाहुणा

पाहुण्याचा झुला उरुकूने स्वतःच्या हातांनी बांधला. लाल लाकूड न्यायला फिरंग्यांचं जहाज खाडीत लागलं होतं आणि त्यांचा नवा कप्तान गावात येत होता. असल्याच एका जहाजावरून तिचा पोरगा ग्वारा गेला होता, समुद्रापलीकडचा मुलूख बघून येतो म्हणून. त्याची खबर आणली तर हाच माणूस आणणार होता.

कप्तान झुल्यात बसला. रिवाजाप्रमाणे उरुकू आणि घरातल्या बायका त्याच्या पायाशी उकिडव्या बसल्या, तोंडावर हात घेतले आणि गळा काढला. किती लांबून आलास बाबा, वाटेत काय काय सोसलंस, तुला भेटायला आमची कितीतरी माणसं आता उरली नाहीत. अशा वेळी पाहुण्यानेही तोंड झाकून रडायचं असतं. डोळ्यांत पाणी येत नसेल तर निदान उसासे टाकायचे. आणि ज्याच्याजवळ मरणाची खबर असते तो सगळ्यांत मोठ्याने रडतो, त्याला काही विचारावं लागत नाही. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं.

कप्तान हसला. आधी मिशीतल्या मिशीत, मग खो खो करून. त्याच्या खलाशांनी तर ताळच सोडला. एकाने टोपी तोंडावर धरून बायकी आवाजात हेल काढले.

"ह्यांना आयाबहिणी आहेत की नाहीत?" उरुकूची जाऊ तायासू करवादली. "आम्ही पायाशी बसून रडतोय आणि हे मेले दात काढतायत."

पण उरुकूचा जीव भांड्यात पडला. पोटात मरण लपवून आलेला माणूस आईच्या तोंडावर हसेल कसा? म्हणजे ग्वारा धडधाकट होता.

"हसू दे गं," ती डोळे पुसत म्हणाली. "ते हसतायत म्हणजे माझं पोर सुखरूप आहे."

मग तिने हात राखला नाही. पोरींना बसवून शिजलेले कंद चावून घेतले आणि मोठ्या मडक्यांत दारू आंबवायला ठेवली. दारू आंबली तशी शेजारच्या गावांना बोलावणी गेली. मडक्यांत काय चावून थुंकलंय ते कळल्यावर फिरंग्यांनी नाकं मुरडली, तरी मासे मात्र हादडले.

मेजवानी ऐन भरात असताना, इतके दिवस किनाऱ्यावर लाकूड भरून घेणारा गियोम गावात आला. तोही फिरंगीच, पण इतकी वर्षं उरुकूच्या घरात जेवला होता की तिची भाषा बोलायचा आणि तिला मावशी म्हणायचा.

"गियोम, ह्याला विचार रे," ती कौतुकाने म्हणाली, "ग्वारा पुढच्या जहाजाने येतोय ना? त्याच्यासाठी बायको बघून ठेवलीय म्हणावं."

गियोमने विचारलं. कप्तान तोंडातला घास न गिळताच काहीतरी बोलला. गियोमने पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं असावं.

"मावशी," तो खाली बघत म्हणाला, "ग्वारा गेला. तिकडच्या थंडीत. हे जहाज निघायच्या आधीच."

उरुकूने रिकाम्या झुल्याकडे पाहिलं.

"म्हणजे झुल्यात बसला तेव्हा ह्याला ठाऊक होतं."

गियोमने ते कप्तानाला सांगितलं. कप्तानाने खांदे उडवले. त्याचं म्हणणं गियोमने जसंच्या तसं तिच्यापुढे ठेवलं, थोडं झाकायचंही त्याला सुचलं नाही. "तो म्हणतो, मी टेकायच्या आत ह्या रडायला लागल्या. येईल त्याच्यासाठी रडणाऱ्या बायका. मेलेल्याचं त्यांना काय वेगळं सांगायचं?"

मग गियोम तोंडावर हात घेऊन दाखवत आपल्या भाषेत त्याच्यावर खेकसला. कप्तान कंटाळून उठला, झुल्यात जाऊन बसला आणि तोंडावर हात घेऊन मोठमोठ्याने हुंदके देऊ लागला. खलाशांनी ओठ चावून हसू दाबलं.

उरुकू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गप्प बस म्हणावं त्याला," ती गियोमला म्हणाली. "तो आला त्या दिवशी माझं पोर मेलेलं होतं, आणि मी ह्याच्यासाठी रडत बसले."

तायासू आणि बाकीच्या बायका तोंडावर हात घेऊन खाली बसल्या. आईने गळा काढल्याशिवाय त्यांना सुरू करता येत नव्हतं. त्या वाट बघत राहिल्या. उरुकूला रडूच येईना. झुल्यातला माणूस मात्र अजून रडत होता.